हिरव्या रेघा

अण्णा इंग्लंडला आले ते २०२३ च्या एप्रिलअखेर. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. बॅगेत ज्वारीचं पीठ, काळं तिखट, शेंगदाण्याची चटणी आणि तळाशी, सदऱ्यांच्या घडीत जपून ठेवलेली दोनशे पानी वही. वही ही त्यांची जुनी सवय. खटाव तालुक्यातल्या झेडपीच्या शाळांवर त्यांनी तेहतीस वर्षं मास्तरकी केली. त्या काळात पाऊस किती पडला, विहिरीचं पाणी कितव्या पायरीला लागलं, कुठल्या पोराचं वजन घटलं, सगळं त्यांच्या वहीत असायचं.

स्टोमार्केट स्टेशनवरून घरी येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळीधमक शेतं होती.

"मोहरी का गं ही?"

"तिच्याच कुळातली, अण्णा. रेपसीड म्हणतात. तेल काढतात."

थोडं पुढं गेल्यावर कुंपणांच्या झुडपांत लाकडी दांड्यांवर ठोकलेल्या हिरव्या आणि निळ्या पाट्या दिसायला लागल्या. अण्णांनी चष्मा पुसला.

"आणि हे काय?"

"निवडणूक आहे. पुढच्या गुरुवारी. डिस्ट्रिक्ट कौन्सिलची."

इतक्या लांबच्या प्रवासानं आखडलेले अण्णा एकदम सावरून बसले. मला १९९७ आठवलं. त्या वर्षीच्या झेडपीच्या निवडणुकीत ते केंद्राध्यक्ष होते. मतपेटी दोन पायांत घट्ट धरून एसटीनं वडूजला गेले आणि रात्री दोन वाजता पेटी जमा करून पावती घेऊन आले. पहाटे घरी आल्यावर चहासुद्धा न घेता त्यांनी आईला आधी ती पावती दाखवली होती. ती पावती अजून घरात आहे, ट्रंकेत, त्यांच्या सेवापुस्तकाच्या झेरॉक्सबरोबर.

आम्ही राहतो तो भाग म्हणजे मिड सफक. इंग्लंडच्या पूर्वेला, लंडनपासून रेल्वेनं दीडेक तासावर. इथं मोठं शहर एकही नाही. स्टोमार्केट, नीडहम मार्केट आणि आय अशी तीन छोटी बाजाराची गावं, बाकी सगळी खेडी. गारगोटीच्या दगडात बांधलेली चर्चेस, फिकट गुलाबी रंगाची घरं, गहू, बार्ली, शुगर बीट. इंग्लंडच्या मानानं हा कोरडा प्रदेश. खटावहून आलेल्या माणसाला हे सांगितलं की तो आधी आभाळाकडे बघतो आणि मग सांगणाऱ्याकडे. अण्णांनीही तसंच केलं.

त्या रात्री जेवताना मी त्यांना इथली रचना समजावली. वर काउंटी कौन्सिल, मध्ये डिस्ट्रिक्ट, खाली पॅरिश. त्यांनी लगेच जुळवून टाकलं: झेडपी, पंचायत समिती, ग्रामपंचायत. जुळवणी तंतोतंत बसत नाही, पण समजून घ्यायला पुरते. शाळा, रस्ते, म्हाताऱ्यांची देखभाल, वाचनालयं काउंटीकडे. डिस्ट्रिक्टकडे कचरा उचलणं, बांधकामाची परवानगी, कौन्सिलची भाड्याची घरं, हॉटेलांची स्वच्छता तपासणं आणि निवडणुका घेणं. कौन्सिल टॅक्स, म्हणजे आपल्या भाषेत घरपट्टी, गोळा करते डिस्ट्रिक्ट, पण त्यातला सगळ्यात मोठा वाटा जातो काउंटीला. मिड सफक नावाचा हा डिस्ट्रिक्ट तसा काही फार जुना नाही. १ एप्रिल १९७४ ला आजूबाजूच्या जुन्या छोट्या कौन्सिली एकत्र करून तो केला.

"म्हणजे कचऱ्याची निवडणूक," माझा आठ वर्षांचा मुलगा म्हणाला. अण्णांनी त्याला जवळ घेतलं आणि अगदी वर्गात सांगावं तसं सांगितलं, "कचरा रोज होतो, बाळा. त्यामुळे ती मोठीच निवडणूक."

सफकचा हा पट्टा परंपरेनं हुजूर पक्षाचा, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्हांचा. २०१५ मध्ये इथल्या कौन्सिलच्या ४० जागांपैकी २९ हुजूर पक्षाकडे होत्या. पर्यावरणवादी ग्रीन पक्षाकडे ५. पुढे प्रभागांची फेररचना होऊन जागा ३४ झाल्या आणि २०१९ च्या निवडणुकीत चित्र हललं: हुजूर १६, ग्रीन १२, लिबरल डेमोक्रॅट ५, अपक्ष १. बेरीज करून बघा. हुजूर आणि अपक्ष मिळून १७, उरलेले दोन पक्ष मिळून १७. तराजूचा काटा बरोबर मध्यावर. तरी कारभार हुजूर पक्षाच्याच हातात राहिला होता. मजूर पक्षाचं इथं नावही नाही, आणि पुढचं सगळं समजून घ्यायला हे लक्षात ठेवायला हवं. ज्याला हुजूर पक्ष नको, त्यानं मत कुठं द्यायचं, हा प्रश्न इथं वर्षानुवर्षं पडलेला होता.

त्याचं उत्तर दाराच्या फटीतून येत राहिलं. दारातल्या पत्राच्या खाचेतून महिन्या-दोन महिन्यांनी एक दोन पानी पत्रक पडायचं. ग्रीन पक्षाचं. त्यात हिमनग आणि ध्रुवीय अस्वलं जवळजवळ नसायचीच. त्यात असायचं ते अमुक गल्लीत पाणी साचतं ते, तमुक पायवाटेवरचा मोडलेला लाकडी कठडा, बंद होऊ घातलेली बस, नव्या दोनशे घरांना परवानगी दिली पण दवाखान्यात एक डॉक्टर वाढवला नाही त्याचा जाब. वर्षभर, निवडणूक असो वा नसो. मला वाटतं या निकालाचं अर्धं मूळ त्या पत्रकांत होतं. माणसं पक्षाच्या तत्त्वज्ञानाकडे फार उशिरा वळतात. आधी बघतात की आपल्या दारातल्या गटाराबद्दल कुणी विचारलं का.

मतदानाच्या तीन दिवस आधी एक निवृत्त बाई दारात आल्या. पक्षाच्या रंगाचं हिरवं कापडी फूल छातीला, हातात कागदाचं पॅड आणि पेन्सिल. अण्णा पुढं झाले. त्यांचं इंग्रजी सावकाश पण स्वच्छ आहे. त्यांनी सांगितलं, मी पाहुणा, मला मत नाही. बाई तरीही थांबल्या आणि विचारलं, पाहुण्याला इथं काय खटकलं? अण्णा थोडा वेळ विचार करून म्हणाले, बसथांब्यावर बसायला बाक नाही. बाईंनी ते लिहून घेतलं. चहाला नको म्हणाल्या, अजून सतरा घरं राहिलीत. दार लावल्यावर अण्णांनी मला विचारलं, "डिपॉझिट किती भरावं लागतं गं यांना?" काहीच नाही, मी म्हटलं, स्थानिक निवडणुकीला अनामत रक्कम नसते. त्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग वहीत काहीतरी लिहिलं.

मला इथं मत आहे याचं त्यांना जास्त नवल वाटत होतं. माझ्याकडे भारताचाच पासपोर्ट आहे. पण ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना इथं मतदानाचा पूर्ण हक्क असतो, कौन्सिलसाठीही आणि पार्लमेंटसाठीही. जुन्या साम्राज्याचा हा एक धागा अजून तुटलेला नाही. माझी एक फ्रेंच मैत्रीण इथं वीस वर्षं राहतेय, कौन्सिलसाठी मत देते, पण पार्लमेंटसाठी तिला मत नाही. मला आहे. आणि ज्या गावात माझं सगळं बालपण गेलं तिथल्या मतदारयादीतून माझं नाव केव्हाच गळलं. परदेशस्थ मतदार म्हणून पुन्हा नाव घालता येतं, २०११ पासून तशी सोय आहे, पण मत द्यायला त्या दिवशी तिथं हजर असावं लागतं. मी कधी हजर नसते. हे लिहिताना मला बरं वाटत नाही.

"दादाभाई इथंच निवडून आले होते की," अण्णा म्हणाले. वर्गात शिकवायचे ते. १८९२, लंडनचा सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघ, दादाभाई नौरोजी, मताधिक्य पाच. "पाच! मी पोरांना बाकावरनं पाच जणांना उभं करायचो आणि म्हणायचो, एवढ्यांनी दादाभाईंना पार्लमेंटात पाठवलं."

गुरुवार, ४ मे. सकाळी सातला मतदान सुरू होतं ते रात्री दहापर्यंत. आमचं केंद्र गावच्या सभागृहात, जिथं एरवी लहान मुलांची खेळघरं आणि आज्यांचे योगवर्ग भरतात. अण्णा मुद्दाम इस्त्रीचा सदरा घालून आले. बाहेर पोलीस नाही, चुन्याची रेघ नाही, मांडव नाही. बाकावर दोन बायका, एकीच्या छातीवर हुजूर पक्षाचं निळं फूल, दुसरीच्या ग्रीनचं हिरवं. थर्मासमधला एकच चहा दोघी वाटून पीत होत्या. येणाऱ्या मतदाराचा यादीतला क्रमांक टिपून घ्यायचं त्यांचं काम, आपल्या पाठीराख्यांपैकी कोण यायचं राहिलंय ते कळावं म्हणून. सांगायचा की नाही ते मतदारानं ठरवायचं. शेजारी खांबाला बांधलेली तीन कुत्री धन्यांची वाट बघत होती. अण्णा त्या बायकांच्या शेजारी जाऊन बसले.

मी आत गेले. या वेळेला एक गोष्ट इंग्लंडला नवी होती. तोवर इथं मत द्यायला कुठलंही ओळखपत्र लागत नसे. नाव आणि पत्ता सांगायचा, की मतपत्रिका हातात. २०२३ च्या मे महिन्यातल्या या निवडणुकीपासून फोटो असलेलं ओळखपत्र सक्तीचं झालं. शेषनसाहेबांनी आपल्याकडे फोटोचं मतदार ओळखपत्र आणलं ते १९९३ मध्ये, म्हणजे याच्या तीस वर्षं आधी. पण आपल्याकडे ते कार्ड आयोगानंच घरोघरच्या मतदाराला करून दिलं. इथं ज्याच्याकडे पासपोर्ट, वाहन परवाना वगैरे काही नाही त्यानं स्वतः अर्ज करून प्रमाणपत्र मागवायचं. म्हाताऱ्यांचा बसचा पास चालतो, तरुणांचं रेल्वेचं सवलतकार्ड चालत नाही. त्या दिवशी देशभरात सुमारे १४,००० माणसं ओळखपत्राअभावी केंद्रावरून परत फिरली आणि पुन्हा आलीच नाहीत, असं नंतर निवडणूक आयोगाच्या अहवालात आलं. टक्केवारीत हा आकडा अगदी बारीक दिसतो. पण पाच मतांच्या दादाभाईंची गोष्ट आदल्याच रात्री ऐकलेली असल्यामुळे मला तो बारीक वाटला नाही.

मी टेबलावर माझा पासपोर्ट ठेवला. निळा, वर सोनेरी सिंहांचा. राष्ट्रकुलातल्या कुठल्याही देशाचा पासपोर्ट चालतो, हे मी आदल्या रात्री तीनदा तपासलं होतं. टेबलामागच्या बाईंनी फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, यादीत रेघ मारली आणि मतपत्रिका फाडून दिली. त्या क्षणी माझ्या घशात काहीतरी आलं. खटावच्या एका मास्तरांची मुलगी, अशोकस्तंभाचा शिक्का दाखवून, सफकच्या एका खेड्याचा कचरा कुणी उचलायचा ते ठरवणार होती. आडोशाच्या फळीला दोरीनं पेन्सिल बांधलेली होती. नावासमोर फुली मारली, घडी घातली, पेटीत टाकली.

बाहेर येऊन सांगितलं तर अण्णांचा पहिला प्रश्न, "शिसपेन्सिल?"

"हो."

"कुणी खोडलं तर?"

"आपलं पेन नेलं तरी चालतं. पण पेन्सिलच ठेवतात."

"पेटी सकाळी उघडून दाखवली का? सील?"

दाखवतात, मी म्हटलं. रिकामी पेटी दाखवून मगच सील करतात, तुमच्यासारखंच. त्यांनी मान हलवली. एका केंद्राध्यक्षाला दुसऱ्याबद्दल खात्री पटल्यासारखी. बोटाला शाई नाही याची मात्र त्यांना रुखरुख लागून राहिली. घरी येईपर्यंत दोनदा माझं बोट बघितलं. मी मत कुणाला दिलं, ते त्यांनी विचारलं नाही. आईलाही त्यांनी ते कधी विचारलं नव्हतं.

शुक्रवारी मतमोजणी. इथली मोजणी अजून हातानं होते. आधी प्रत्येक पेटीतल्या मतपत्रिका मोजून केंद्रावरच्या हिशेबाशी ताळा जमवतात, मग उमेदवारवार वेगळ्या करतात. उमेदवार आणि त्यांची माणसं टेबलापलीकडून बघू शकतात, हात लावू शकत नाहीत. संशयित मतपत्रिका बाजूला काढून सगळ्यांच्या समोर निर्णय होतो. मतदाराचा कल स्पष्ट दिसत असेल तर फुलीऐवजी बरोबरची खूण केली तरी मत धरतात. हे ऐकून अण्णा म्हणाले, "हे बरं आहे. आमच्या वेळेला शिक्का दोन चौकटींच्या मधल्या रेघेवर पडला की वाद. म्हातारीचा हात थरथरला म्हणून तिचं मत बाद करताना मला कसंसंच व्हायचं."

प्रभागवार निकाल जाहीर होत तसे फोनवर दिसू लागले. अण्णांनी वहीचं नवं पान काढलं, पट्टीनं रकाने आखले आणि नातवाकडून स्केचपेनं मागून घेतली. हिरवं, निळं, नारिंगी. मुलगा प्रभागाचं नाव वाचायचा, अण्णा देवनागरीत लिहायचे आणि जिंकलेल्याच्या रकान्यात रंगीत रेघ ओढायचे. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. बॅक्टन. मेंडल्सहम. थर्स्टन. डेबेनम. वुलपिट आणि एल्म्सवेल मिळून एक. पामग्रेव्ह नाही हो आजोबा, पालग्रेव्ह. एच-ओ-एक्स-एन-ई असं लिहितात पण म्हणायचं हॉक्सन. एकूण २६ प्रभाग, काहींतून एक सदस्य, काहींतून दोन. ज्वारीच्या भाकरीचा तवा गॅसवर ठेवून मी मधूनमधून डोकावत होते.

मध्येच अण्णांनी विचारलं, "समसमान मतं पडली तर?" चिठ्ठी, मी म्हटलं, इथंही चिठ्ठीच. २०१७ च्या मे महिन्यात उत्तरेला नॉर्थम्बरलँड काउंटीच्या साउथ ब्लाइथ प्रभागात हुजूर आणि लिबरल डेमोक्रॅट उमेदवारांना प्रत्येकी ३५६ मतं पडली होती. काड्या ओढून निकाल लागला, लांब काडी लिबरल डेमोक्रॅटांना आली आणि तेवढ्या एका जागेनं हुजूर पक्षाचं काउंटीतलं बहुमत हुकलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबई महापालिकेच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात भाजप आणि शिवसेनेच्या उमेदवारांची मतं सारखी झाली होती आणि तिथंही चिठ्ठी काढावी लागली होती. अण्णांना मुंबईचं आठवत होतं. दोन्ही गोष्टी त्यांनी समासात एकाखाली एक लिहिल्या.

हिरव्या रकान्यात अठरावी रेघ ओढली तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. ३४ मध्ये अठरा म्हणजे बहुमत. "आता यांना कुणाच्या दारात जायला नको," ते म्हणाले. पण रेघा थांबल्या नाहीत. शेवटचा आकडा आला: ग्रीन २४, हुजूर ६, लिबरल डेमोक्रॅट ४. चार वर्षांपूर्वीच्या बाराच्या दुप्पट. ब्रिटनमधल्या कुठल्याही कौन्सिलमध्ये ग्रीन पक्षाला स्वतःच्या बळावर बहुमत मिळण्याची ही पहिलीच वेळ. ब्रायटनमध्ये २०११ नंतर दोनदा त्यांनी सत्ता पाहिली होती, पण ती नेहमी अल्पमतातली. आणि ज्या दिवशी मिड सफकनं त्यांना २४ जागा दिल्या त्याच निवडणुकीत ब्रायटननं त्यांना ७ वर आणून मजूर पक्षाला ३८ जागा दिल्या. विद्यापीठाचं, समुद्रकिनाऱ्याचं, तरुणांचं शहर हातातून गेलं आणि डुकरं पाळणाऱ्या, बार्ली पिकवणाऱ्या खेड्यांनी उचलून धरलं.

देशभर हुजूर पक्षाची पडझड होतीच, हजारावर जागा त्यांनी त्या दिवशी गमावल्या. त्यामुळे केवळ पत्रकांनी आणि पायपिटीनं हे झालं असं म्हणणं खरं होणार नाही. लोक महागाईला आणि लंडनमधल्या पंतप्रधानांच्या अदलाबदलीला कंटाळले होते. पण कंटाळलेल्या माणसाचं मत कुठं तरी जाऊन पडावं लागतं, आणि इथं ते पडायला एक ओळखीचं दार तयार होतं. ते दार २०१५ च्या पाच जणांनी आणि २०१९ च्या बारा जणांनी उघडं ठेवलं होतं.

शनिवारी लंडनमध्ये राजा चार्ल्सचा राज्याभिषेक. आमच्या गल्लीत पताका लागल्या, टेबलं मांडली, पावसानं भिजली. नवे-जुने सगळे एकाच तंबूखाली केक खात होते. निळ्या फुलाच्या बाईंना अण्णांनी ओळखलं आणि जवळ जाऊन म्हणाले, "तुमच्या बाजूचं वाईट वाटलं." त्यांचे डोळे भरून आले. वीस वर्षं त्या पत्रकं वाटत होत्या. पराभवानंतर त्यांच्याशी तसं कुणी बोललं नव्हतं बहुतेक.

नंतर काय झालं, असं मला फोनवर गावाकडचे विचारतात. अँडी मेलन कौन्सिलचे प्रमुख झाले आणि कारभार सुरू झाला. पण डिस्ट्रिक्टचा हात पोचतो तेवढाच पोचतो. घरं किती बांधायची याचा दबाव लंडनहून येतो. नॉर्विचपासून टिलबरीपर्यंत विजेच्या उंच मनोऱ्यांची जी लाइन या शेतांवरून जायची आहे, तिचा निर्णयही मंत्र्यांच्या टेबलावर. ही लाइन समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज आणणार. म्हणजे ग्रीन पक्षाला हवी तीच वीज, पण मनोरे मात्र त्यांच्याच मतदारांच्या शेतांवरून. मी सभेच्या नोंदी वाचते. दोन्ही बाजूंनी खरं बोलणारी माणसं आहेत आणि कुणाचंच पूर्ण खोटं नाही. २०२४ च्या जुलैमध्ये आमच्या डिस्ट्रिक्टचा उत्तरेकडचा भाग ज्यात येतो त्या वेव्हनी व्हॅली मतदारसंघातून एड्रियन रॅम्झी ग्रीन पक्षाचे खासदार झाले. त्या निवडणुकीत ग्रीन पक्षाचे चौघे पार्लमेंटात गेले, आणि माझी खात्री आहे की त्यातल्या एकाचा रस्ता आमच्या दाराच्या फटीतून गेला.

अण्णा जूनमध्ये परत जाणार होते. जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पायवाटेनं फिरायला निघालो. बार्ली हिरवी आणि मऊ झाली होती, वाऱ्यानं तिच्यावर लाटा उठत होत्या. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्या झेडपीला सव्वा वर्ष झालं."

मला कळलं ते कशाबद्दल बोलतायत. सातारा जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची आणि पंचायत समित्यांची तेव्हाच संपली. ओबीसी आरक्षणाचा आणि गट-गणांच्या रचनेचा वाद कोर्टात अडकला आणि निवडणुका झाल्या नाहीत. प्रशासक आले. माणसं लोकांनी निवडायची, ती जागा अधिकाऱ्याच्या सहीनं भरली. संविधानात ७३ वी दुरुस्ती झाली होती ती याचसाठी, की पाच वर्षं संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. अण्णांच्या नोकरीत ती दुरुस्ती आली. तिच्यावर त्यांनी गावच्या चावडीत भाषण केलं होतं, आणि आरक्षणातून पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या एका बाईंचा अर्ज स्वतः बसून भरून दिला होता.

"शाळेच्या खोलीचं छप्पर गळतं," ते म्हणाले. "पूर्वी सदस्याच्या घरी जाऊन बसायचो. शिव्या खायचा बिचारा. पण दारात जाता यायचं. आता साहेब चांगला आहे, नाही असं नाही. पण त्याला मी निवडला नाही, आणि तो मला ओळखत नाही. त्याची बदली झाली की झालं." थोडं थांबून, "त्या बाईनं बाक लिहून घेतला होता बघ."

ते आवाज न चढवता बोलले. मला मात्र आजही संताप येतो. दुष्काळी तालुक्यातल्या लोकांना तीन-तीन वर्षं कुणी विचारलंच नाही की तुमच्या वतीनं कोण बोलणार, आणि यावर ना कुठं मोर्चा, ना मोठी बातमी. इथल्या ३४ जणांच्या छोट्या कौन्सिलीसाठी पेन्सिल, दोरी आणि पेट्या चार वर्षांनी ठरल्या गुरुवारी हजर होतात, याचं मला तेव्हा फार मोल वाटलं. मी अण्णांना म्हणालेही, "इथं तारीख चुकत नाही." करोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, एकदा वर्षभर पुढं गेली होती, तेवढा अपवाद सांगून.

ते वाक्य मला दोन वर्षांत मागं घ्यावं लागलं. डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या सरकारनं श्वेतपत्रिका काढली: काउंटी आणि डिस्ट्रिक्ट ही दुमजली रचनाच संपवायची आणि त्याजागी एकेक मोठी कौन्सिल आणायची. म्हणजे मिड सफकच राहणार नाही. आणि ही मोडतोड करायची म्हणून मे २०२५ मध्ये ठरलेली सफक काउंटीची निवडणूक वर्षभर पुढं ढकलली. एकूण नऊ कौन्सिलींच्या ढकलल्या. पैसा वाचेल, गोंधळ कमी होईल, अशी कारणं दिली. कारणं पोकळ नाहीत. पण मी ती बातमी वाचली आणि मला साताऱ्याची आठवण झाली, आणि आपण किती बेफिकिरीनं बोललो होतो तेही कळलं. मोठ्या कौन्सिलीतला सदस्य आजच्यापेक्षा कितीतरी जास्त माणसांचा असेल. बसथांब्यावरचा बाक तो लिहून घेईल का, मला शंका आहे.

अण्णांना फोनवर सांगितलं. त्यांनी विचारलं, "पुढची तारीख दिलीय ना पण?"

"हो. पुढच्या वर्षीच्या मेची."

"मग ठीक. तारीख असली की माणूस थांबतो."

२०२५ च्याच मे महिन्यात, ६ तारखेला, सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रातल्या अडकलेल्या स्थानिक निवडणुका चार महिन्यांत उरका असा आदेश दिला. त्या रात्री फोन त्यांचाच आला. आवाज वर्गात यायचा तसा खणखणीत. २०२५ चा पाऊस सुरू झाला तरी तारीख लागलेली नव्हती.

त्याच पावसाळ्यात एकदा व्हिडिओ कॉलवर त्यांनी वही कॅमेऱ्यासमोर धरली. आधी ते पान: २६ प्रभागांची देवनागरीत लिहिलेली नावं, पाचापाचाच्या जुड्या बांधलेल्या हिरव्या रेघा, वर चार सुट्या, शेजारी थोड्या निळ्या, थोड्या नारिंगी. मग त्यांनी पान उलटलं. पुढच्या पानावर वर "सातारा झेडपी" लिहिलेलं, खाली पट्टीनं आखलेले रकाने, डाव्या बाजूला खटाव तालुक्यातल्या गटांची नावं. रकाने कोरे. नातवाची तीन स्केचपेनं जाताना ते घेऊन गेले होते, हे मला तेव्हा कळलं. कॅमेऱ्यासमोर त्यांनी प्रत्येक पेनाचं टोपण काढून वहीच्या कोपऱ्यात बारीकशी रेघ ओढून बघितली. हिरवं जरा सुकलं होतं. त्यांनी टोकावर पाण्याचा थेंब टाकला आणि टोपण घट्ट लावून ठेवलं.